मी नुसता एक प्रश्न विचारला

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलीला नाही. जिला मी गुडघेदुखीपासून सासूबाईंपर्यंत सगळं सांगते, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांसमोर मला अजूनही चांगलं दिसायचं असतं. बघा, सुरुवातच अशी.

मी पुण्यात, खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरची प्रमुख होते. माणसांना कामावर घेणं, कामावरून काढणं, आणि मधल्या काळात ती आनंदात आहेत असं सगळ्यांना दाखवणं — हे आमचं खातं. मी त्यात बरी होते. बरी कसली, चांगलीच होते. लोक मला येऊन सांगायचे, मॅडम, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं.

माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. साहेबाच्या धास्तीने त्यांचं पोट कायम बिघडलेलं. सकाळी ते निघेपर्यंत आई आम्हा भावंडांना चूं करू द्यायची नाही. आमच्या कसब्यातल्या दोन खोल्यांत रोज सकाळी कुणीतरी आजारी असल्यासारखी शांतता असायची. मोठी होईपर्यंत मला वाटायचं, नोकरी म्हणजे हेच. नंतर मात्र मनाशी ठरवलं होतं, की मी जिथे असेन तिथे माणसाला असं पोट धरून यावं लागणार नाही. हे मी खरंच ठरवलं होतं. एवढं तरी माझ्या बाजूने — नको. बाजू नकोच मांडायला.

तर ती खोली. आमच्या ऑफिसात सगळ्या खोल्या काचेच्या. आत कोण रडतंय, कोण ओरडा खातंय, सगळं बाहेरून दिसायचं, फक्त ऐकू यायचं नाही. एकच खोली भिंतींची होती, मोडक्या खुर्च्या ठेवायची. ती मी मागून घेतली. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, एक सोफा ठेवला, पाण्याचा जग ठेवला. दारावर पाटी लावली — ‘इथे बोललेलं इथेच राहतं.’ शब्द माझेच. दर बुधवारी दुपारी मी तिथे बसायची. कुणीही यावं, बोलावं, जावं. नोंद नाही, नाव नाही.

पहिले काही बुधवार मी एकटीच बसले. मग एक मुलगी आली, मग आणखी कुणी. कुणाचं मूल आजारी, कुणाचा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, टाकून बोलतो, कुणाला झोपच लागत नाही. मी ऐकायची. जमेल ते करायची — एखाद्याची शिफ्ट बदलून दे, एखाद्या लीडला बाजूला घेऊन समज दे. हळूहळू ऑफिसात काहीतरी सैल झालं. लोक खरंच एकमेकांना विचारायला लागले, बरा आहेस ना? आणि उत्तराची वाट बघायला लागले. मी हे घडवलं होतं. आणि मीच —

थांबा. नवनाथबद्दल सांगते आधी.

नवनाथ पुण्याजवळच्या मांजरी गावचा. घरची शेती, निम्मी विकलेली, निम्मी भावकीत अडकलेली. घराण्यातला पहिला इंजिनिअर. चाचणी विभागाचा लीड होता — म्हणजे सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारी जी टीम, तिचा म्होरक्या. अंगाने आडवा, आवाज मोठा, हसला की पार लिफ्टपर्यंत ऐकू जायचं. कुणाची गाडी बंद पडली, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, की नवनाथ. ऑफिसात तो ‘हाय-नाय’ न करता शुद्ध बोलायचा. मन हललं की गावची भाषा वर यायची.

आणि प्रशांत. बिबवेवाडीचा, बारीक, चष्मा, तुटक बोलणारा. नवनाथचा जोडीदार म्हणा. दोघं एकाच दिवशी कंपनीत लागले होते, शेजारी बसायचे, एकाच डब्यात जेवायचे. प्रशांतच्या आईच्या हातची भरली वांगी नवनाथ संपवायचा आणि नवनाथच्या घरची भाकरी प्रशांत. एवढी दोनच माणसं लक्षात ठेवा.

एका सकाळी मी तळघरात गाडी लावत होते. शेजारच्या गाडीत नवनाथ बसलेला. इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. मी हात केला, त्याने बघितलं नाही. मी वर गेले, काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा खाली आले, तर तो तसाच. मग मी काचेवर टकटक केलं. तो इतका दचकला की मलाच वाईट वाटलं.

मीच त्याला वर नेलं. तो बुधवार नव्हता. तो नको-नको म्हणत होता, मीच आग्रह केला. हे महत्त्वाचं आहे. तो माझ्याकडे आला नव्हता. मी त्याला नेलं, सोफ्यावर बसवलं, दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, “इथलं बाहेर जात नाही नवनाथ. माझा शब्द आहे.”

तो म्हणाला, “मला तसं काय बी झालेलं नाही, मॅडम. फक्त छातीवर कुणीतरी बसल्यासारखं हाय.”

मग बोलत राहिला. ग्राहकाशी बोलताना एकदा त्याचा आवाजच फुटेना. शब्द डोक्यात आहेत, तोंड उघडलंय, आवाज नाही. प्रशांतने पटकन फोन आपल्याकडे ओढला आणि लाइन खराब आहे सांगून वेळ मारून नेली. तेव्हापासून रोज सकाळी तळघरातून वर येणंच होईना. सातारा रोडच्या एका डॉक्टरांकडे तो जात होता — मनाच्या डॉक्टरांकडे. इतक्या लांब, कारण आपल्या भागात कुणी दवाखान्याबाहेर बघितलं तर गावभर होईल. गोळ्या चालू होत्या. घरी बायकोला, सुरेखाला, गॅसच्या गोळ्या म्हणून सांगितलं होतं. धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघत होते. भावाला वेड लागलंय असं कुणी म्हटलं तर?

तो रडला. एवढा मोठा माणूस, मांडीवर हात ठेवून, आवाज न करता. निघताना म्हणाला, “हलकं वाटलं, मॅडम.”

मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. त्याला बरं वाटलं याचा होताच. पण त्याहून जास्त — माझाच. की मी आहे म्हणून हे झालं. त्या मजल्यावर सगळ्यांना जो नवनाथ माहीत होता, त्याच्या आतला मला एकटीला माहीत होता. माहीत असण्याची एक गोडी असते. तुम्हाला लागलीय कधी?

नंतर काही आठवड्यांनी एक बैठक झाली. एक मोठं जर्मन काम मिळालं होतं, त्याचा लीड ठरवायचा होता. आमचे संचालक, दोन वरिष्ठ आणि मी. काम सुरू व्हायच्या आधी माझ्या खोलीवरून चेष्टा झाली. संचालक म्हणाले, “तुमच्या त्या पिवळ्या खोलीत नक्की काय होतं हो? कांदाभजी वगैरे मिळतात का?” सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं की जागा कमी पडतेय, ती खोली ट्रेनिंगला घ्यावी म्हणतो.

मग लीडचा विषय निघाला. पहिलं नाव अर्थातच नवनाथचं. संचालक म्हणाले, “नवनाथच ना? यात विचार काय करायचा?”

आणि मी म्हणाले, “नवनाथला सध्या नको. कारण मला सांगता येणार नाही.”

इतकंच. मी काहीच सांगितलं नाही. शब्द पाळला. गेली कितीतरी वर्षं मी स्वतःला हे असंच सांगत आलेय — की मी काळजीपोटी एवढंच बोलले, बाकी त्यांनी ओळखलं.

खोटं आहे ते. आता इथपर्यंत आलेच आहे, तर पुढचंही लिहिते. माझं वाक्य झाल्यावर भजीवर हसणारे तिघे माझ्याकडे बघायला लागले. संचालक पुढे झुकले. “म्हणजे तो तुमच्या खोलीत आला होता?” मी मान हलवली. “सीरियस आहे?” आणि मी — कुणी माझा हात पिरगाळला नव्हता, कुणी नोकरीची धमकी दिली नव्हती — मी सांगितलं. गोळ्या चालू आहेत. ग्राहकाच्या कॉलवर आवाज गेला होता, प्रशांतने सांभाळून घेतलं. सगळं सांगितलं. हळू आवाजात, चेहरा गंभीर करून, ‘हे या खोलीबाहेर जाऊ नये’ असं वर बजावून.

संचालक म्हणाले, “बरं झालं तुम्ही वेळेवर सांगितलंत. खोली कामाची आहे तुमची.”

खोली राहिली. जर्मन काम प्रशांतला मिळालं.

नवनाथला कुणी रागावलं नाही. आमची कंपनी तशी नव्हतीच. संचालकांनी त्याला बोलावून खांद्यावर हात ठेवला, जरा आराम कर म्हणाले, तब्येत महत्त्वाची. त्याची टीम दुसऱ्याकडे दिली. त्याला कुठल्यातरी जुन्या प्रणालीची साफसफाई दिली, जी झाली काय आणि न झाली काय. बैठकांची बोलावणी येईनाशी झाली. कुणी काही विचारायला गेलं की वरिष्ठ म्हणायचे, त्याला त्रास देऊ नका. माणूस जिवंत असताना त्याच्याभोवती सुतकातल्यासारखं वागायचं, आणि त्याला काळजी म्हणायचं. हे आम्हाला छान जमलं.

तो हसायचा बंद झाला. मला लिफ्टपर्यंतची ती शांतता ऐकू यायची. तेव्हाही मी जाऊन त्याला सांगू शकले असते.

मग एका बुधवारी तो आला. स्वतःहून. बसला नाही. दार लावून, पाठ दाराला टेकवून उभा राहिला.

“मॅडम, ही गोष्ट मी दोघांनाच सांगितली होती. तुम्हाला आणि प्रशांतला.”

मी टेबलावरचा पाण्याचा जग सरळ केला.

“तुम्ही बोललात का कुठं?”

साधा प्रश्न होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरं सांगते, तो माझ्याकडून ‘नाही’ ऐकायला आला होता. मला तेव्हाच ते दिसलं. आणि तरी मी साधं ‘नाही’ही म्हटलं नाही. मी दुखावल्याचा चेहरा केला. म्हटलं, “माझ्यावर संशय घेतोस तू? ही खोली मी कशासाठी उभी केली?” तो ओशाळला. सॉरी-सॉरी करायला लागला. तिथे थांबले असते, तर एक खोटारडी बाई एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण त्याच्या डोळ्यांत प्रश्न तसाच होता, आणि तो प्रश्न कुठेतरी वळवायला हवा होता.

मी विचारलं, “नवनाथ, जर्मन काम कुणाला मिळालं?”

एवढंच. प्रशांतचं नाव मी घेतलं नाही. त्याच्यावर आरोप केला नाही. मी नुसता एक प्रश्न विचारला.

त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा — मी वर्णन करणार नाही. तो “हां” म्हणाला. दुसऱ्यांदा स्वतःशीच “हां” म्हणाला. आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो वेगळ्या टेबलावर जेवायला बसला.

प्रशांत आठवडाभराने माझ्याकडे आला. तो त्या खोलीत कधी आलेला नव्हता, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. उभ्याउभ्याच म्हणाला, “नवनाथ माझ्याशी बोलत नाही. मी काम घेतलं म्हणून असेल, तर मी सोडतो. त्याला विचारा. मला नको ते काम.” हे म्हणताना त्याचा तो तुटक आवाज जरा हलला. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “त्याला थोडा वेळ दे. तो सध्या वेगळ्या फेजमधून जातोय.” शब्द बघा किती गुळगुळीत आहेत. मला त्या शब्दांचाच पगार मिळायचा.

नवनाथने राजीनामा दिला. जाताना माणसाशी शेवटचं बोलणं एचआरने करायचं असतं, ते मीच केलं. कारण विचारलं. तो म्हणाला, वैयक्तिक. निरोपाचा केक कापताना तो चार वाक्यं बोलला आणि त्यातल्या एकात माझं नाव घेऊन आभार मानले. प्रशांत मागे उभा होता. नवनाथने सगळ्यांना केक भरवला. प्रशांतच्या हातात नुसती बशी दिली.

त्यानंतर बुधवारी कुणी यायचं नाही. महिनाभरात खोली पुन्हा रिकामी. मी वरिष्ठांना सांगितलं की आपल्या समाजात मनाच्या आजाराबद्दल अजून फार लाज आहे, लोक मोकळे होत नाहीत. लोकांना काय लाज वाटणार होती? त्यांनी एवढंच पाहिलं होतं, की एक माणूस त्या दारातून आत गेला आणि नंतर संपत गेला. कुणाला काही सांगावं लागलं नाही. ऑफिसात सगळ्यांना सगळं कळतं, फक्त कुणाचं नाव लावायचं ते कळत नाही.

आणि मग आम्हाला बक्षीस मिळालं. हसू नका. कर्मचाऱ्यांची काळजी घेणारी कंपनी म्हणून. मोठ्या हॉटेलात समारंभ, मला दहा मिनिटं बोलायचं होतं. विषय — विश्वास. मी एक गोष्ट सांगितली. नाव न घेता. एक सहकारी रोज सकाळी तळघरात गाडीत बसून राहायचा, त्याला वर यायचं धैर्य व्हायचं नाही. मग तो आमच्या पिवळ्या खोलीत आला, बोलला, आणि हळूहळू पुन्हा उभा राहिला. शेवट मी बदलला होता. सभागृहात टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत एका बाईंनी डोळे पुसले.

प्रशांत आमच्या कंपनीच्या टेबलावर बसला होता. मला तो दिसला नव्हता.

बाहेर गाडीची वाट बघताना तो शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “तो गाडीत बसायचा, हे मला माहीत नव्हतं.”

मी म्हटलं, “कोण?”

“मॅडम, नका.” चष्मा काढून तो पुसत होता. “मला वाटायचं, त्याने फक्त मलाच सांगितलंय. मग बाहेर गेलं कसं, मी डोकं फोडून घेत होतो. म्हणजे तुम्हालाही माहीत होतं.”

मी रस्त्याकडे बघायला लागले. तो समजला. पुणेकर माणूस, काय काय बोलला असता मला — मी त्याची वाट बघत होते. एक तरी झणझणीत वाक्य. ते आलं नाही. तो म्हणाला, “तो माझा फोन घेत नाही. मी बाहेर बोललो नाही, हे त्याला माझ्या सांगण्याने पटणार नाही. तुम्ही सांगाल?”

मी म्हटलं, “सांगते.”

तो पुढे बंगळूरला गेला. जाण्याआधी एकदा त्याचा मेसेज आला — ‘सांगितलंत का?’ मी उत्तर दिलं नाही. पुन्हा त्याने विचारलं नाही.

मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. कारण म्हणून गुडघे सांगितले. मधल्या काळात नवनाथला सांगायचं शंभरदा ठरवलं असेल. दर वेळी वाटायचं, आता त्याचं बरं चाललं असेल, कशाला जुनं उकरायचं. बघितलंत? इथेही त्याचीच काळजी.

गेल्या वर्षी गॅलरीत लावायला रोपं हवी होती म्हणून मी सोलापूर रोडला एका नर्सरीत गेले. गल्ल्याजवळ पाठमोरा एक माणूस पाइपने पाणी मारत होता. वळला. नवनाथ.

मी पळून जावं असं वाटलं. पण तो हसला — तसंच, मोठ्याने — आणि पाइप टाकून आला. “मॅडम! अहो किती वर्षांनी!” ओल्या हातांनीच त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली. आत हाक मारली. “सुरेखा, अगं बाहेर ये. कोण आलंय बघ. मी सांगत नव्हतो का, त्याच ह्या मॅडम.”

सुरेखा आली. माझ्या पाया पडली. मी तिला पडू दिलं. ती म्हणाली, “ह्यांनी तुमच्यामुळेच पुढं मला सगळं सांगितलं. पयल्यांदा तुमच्याजवळ बोलले ना, म्हणून धीर झाला.” त्याच्या गोळ्या आता बंद होत्या. अधूनमधून त्रास व्हायचा, पण घरात माहीत होतं, गावात माहीत होतं, आणि काही आभाळ कोसळलं नव्हतं. बहिणीचं लग्न होऊन ती चाकणला होती. नर्सरी वाटणीच्या जमिनीवर उभी केली होती. चार माणसं कामाला होती. त्यातली एक बाई तेव्हा सावलीत नुसती बसून होती. मी बघितलं तसं नवनाथ सहज म्हणाला, “तिला आज बरं नाही वाटत. बसू दे.”

मला चहा दिला. मी घेतला.

तो समोर एका पालथ्या घमेल्यावर बसला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तोच म्हणाला, “सगळं विसरलो मॅडम. कंपनीचा राग नाही. संचालकांचा बी नाही. फक्त प्रशांतचं लागतं. त्याची आई गेली तेव्हा निरोप आला होता मला. मी गेलो नाही. तिनं मला पोरासारखं खाऊ घातलं होतं, तरी गेलो नाही.” त्याने हातातल्या मातीकडे बघितलं. “त्याला एवढं काय मोठं काम पाहिजे होतं? मागितलं असतं तर मीच दिलं असतं.”

सुरेखा तिथेच उभी होती. रस्त्यावरून ट्रक जात होते. मला काही घाई नव्हती, कुणी मध्ये बोलणारं नव्हतं, गाडीही माझीच होती. एक वाक्य लागत होतं.

तो म्हणाला, “माणूस कळत नाही, मॅडम.”

मी म्हटलं, “नाही कळत. जाऊ दे आता, जुनी गोष्ट आहे.”

त्याने मान हलवली. मग उठून सोनचाफ्याचं एक चांगलं वाढलेलं रोप निवडलं, माझ्या गाडीत स्वतः नीट आडवं ठेवलं, आणि पैसे घेतले नाहीत. मी आभार मानले. त्याला बरं वाटलं.

त्याची नर्सरी रोज उघडी असते. प्रशांतचा नंबर तोच आहे. मी पुन्हा गेलेली नाही, आणि जाईन असं तुम्हाला लिहून देत नाही.